पुरात घर, दुकान आणि म्हशी गेल्या. आयकरात हे नुकसान कुठे दाखवायचं?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. गाव माढा तालुक्यात, सीनेच्या काठावर. सप्टेंबर २०२५ च्या पुराचं पाणी घरात आणि दुकानात शिरलं. हिशोब विचारायचा आहे म्हणून नुकसान थोडक्यात सांगतो.

घराची मागची भिंत पडली. फ्रिज, कपाटं, गाद्या, धान्य सगळं गेलं. घराचा विमा नाही. हार्डवेअरचं दुकान माझ्या एकट्याच्या नावावर आहे. पाइप, रंग, पुट्टी, सिमेंट, मोटारी असा माल होता. वर्षाची उलाढाल ४८ लाखांच्या आसपास, जीएसटी नोंदणी आहे, आयकरात कलम ४४एडी (पुस्तकं न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरायची सोय) खाली ८ टक्के नफा दाखवतो. दुकानातल्या मालाचा ५ लाखांचा विमा आहे, सर्वेअर येऊन गेला. विकत घेतलेल्या दोन म्हशी वाहून गेल्या, दूध डेअरीला घालत होतो. घरची कार पाण्यात होती. दुसऱ्या घराचं भाडं महिना १५ हजार येतं.

सरकारकडून घर, कपडे-भांडी, म्हशी आणि दुकान या सगळ्यांसाठी वेगवेगळे पैसे खात्यात आले आहेत. चुलतभाऊ अमेरिकेत शार्लटला असतो. तो म्हणतो तिकडे घरगुती नुकसानाचीही करात वजावट मिळते, इकडेही असणार. आपल्याकडे कोणत्या कलमात बसतं? आणि आलेल्या पैशांवर कर लागतो का?

---

ताळेबंद

आधी वाईट बातमी. आपल्या आयकर कायद्यात घरगुती नुकसानाची वजावट नाही. घर, फ्रिज, गाद्या, कार, धान्य यातलं काहीही उत्पन्नातून वजा होत नाही. इंटरनेटवर शोधलं की जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं, त्यावरून हा गोंधळ होतो.

पडलेलं घर ‘भांडवली तोटा’ म्हणून दाखवायचा सल्लाही कोणी देईल. तो मानू नका. भांडवली तोट्यासाठी मालमत्तेचं हस्तांतरण व्हावं लागतं आणि भिंत पडणं म्हणजे हस्तांतरण नव्हे. वाहून गेलेल्या दागिन्यांनाही हाच नियम.

आता आलेल्या पैशांचं. केंद्र, राज्य किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेकडून आपत्तीची भरपाई म्हणून व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला मिळालेली रक्कम कलम १०(१०बीसी) खाली करमुक्त आहे. घराचे, कपड्याभांड्यांचे पैसे यात सरळ बसतात. विवरणपत्रात ‘एक्झेम्प्ट इन्कम’च्या तक्त्यात लिहा. कर लागत नाही म्हणून गाळू नका. बँक खात्यातल्या रकमेबद्दल पुढे विचारणा झाली तर उत्तर आधीच कागदावर असतं.

पण या कलमाला एक शेपूट आहे. ज्या नुकसानाची वजावट तुम्ही उत्पन्नातून घेतली, तेवढ्यापुरती भरपाई करमुक्त राहत नाही. म्हणजे दुकानाचा माल बुडाला म्हणून तोटा धरलात, तर दुकानासाठी आलेलं अनुदान त्या तोट्यातून वजा करावं लागेल. घराच्या पैशांना ही अट लागत नाही, कारण घराची वजावट मुळातच मिळत नाही. म्हणून कोणती रक्कम कशासाठी आली याची तहसील कार्यालयाकडून यादी घ्या. पासबुकात सगळ्या नोंदी सारख्याच दिसतात.

खासगी मदतीचं वेगळं आहे. कायद्याने ठरवलेल्या जवळच्या नातेवाइकांकडून कितीही आलं तरी कर नाही. मित्र, ग्राहक, ऑनलाइन वर्गणी अशा नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात मिळून ५०,००० च्या वर गेलं, तर पूर्ण रक्कम करपात्र होते, फक्त वरची नाही. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाकडून आलेली मदत या नियमातून सुटते. नोकरदारांनी लक्षात ठेवा, मालकाने पुरासाठी दिलेली रोख मदत पगारात धरली जाते.

घर दुरुस्तीसाठी कर्ज काढणार असाल तर: राहत्या घराच्या दुरुस्ती कर्जाच्या व्याजाची वजावट वर्षाला फार तर ३०,०००. घर नव्याने बांधलं आणि कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत पूर्ण केलं तर २,००,०००. दोन्ही फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला काहीच नाही.

कार घरगुती वापराची असेल तर विम्याचे पैसे करमुक्त, वरचा तोटा आपल्या खिशातून. विषय संपला.

---

पक्कीवही

ताळेबंद यांनी घराचं बरोबर सांगितलंय. मी दुकानावर लिहितो. वजावट मिळते ती तिथेच, आणि लोक चुकतातही तिथेच.

विक्रीसाठी ठेवलेला माल पुरात गेला तर तो धंद्यातला तोटा, पूर्ण वजा होतो. प्रश्न फक्त सिद्ध करण्याचा. स्टॉक रजिस्टर भिजलं असेल तर माल असा काढा:

१ एप्रिलचा शिल्लक माल ८,००,०००. पुरापर्यंतची खरेदी २०,००,००० (पुरवठादारांच्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी यादीतून मिळेल, ती पावसात भिजत नाही). पुरापर्यंतची विक्री २४,००,०००. नेहमीचा ढोबळ नफा १५ टक्के धरला तर विकलेल्या मालाची किंमत २०,४०,०००. म्हणजे पुराच्या दिवशी दुकानात ७,६०,००० चा माल असायला हवा. त्यातला १,१०,००० चा चांगला निघाला, तर नुकसान ६,५०,०००. नफ्याचं प्रमाण मागच्या दोन-तीन वर्षांच्या विवरणपत्रांशी जुळलं पाहिजे. आकडा वाढवण्यासाठी इथे २२ टक्के टाकले तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

या आकड्याशी आणखी तीन कागद जुळतात का ते आत्ताच बघा: पंचनामा, विमा दावा आणि बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट. कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर बँकेची उचल) असलेले बरेच दुकानदार मर्यादा टिकवण्यासाठी बँकेला फुगवलेला स्टॉक दाखवतात. ऑगस्टअखेर बँकेला १२ लाखांचा माल कळवला असेल आणि आता पुस्तकात ७.६ लाख दिसत असेल, तर उरलेला माल कुठे गेला, पुस्तकाबाहेर विकला का, असं विचारतात. विमा कंपनीही तेच स्टेटमेंट मागते.

पंचनाम्यात ‘दुकानाचे नुकसान अंदाजे ५ लाख’ एवढीच ओळ असते. ग्राम महसूल अधिकाऱ्याला (आपल्या तोंडी अजून तलाठीच) भेटून नमुना ८ वरचा मिळकत क्रमांक, दुकानाचं नाव, पाण्याची उंची आणि मालाचे प्रकार त्यात आहेत का पाहा. पंचनाम्याची प्रत मिळत नसेल तर तहसीलला लेखी अर्ज करून पोच घ्या.

जमाखर्चात नुकसान वेगळं दाखवा. ‘पुरात गेलेला माल’ ६,५०,००० ट्रेडिंग खात्याला जमा आणि नफा-तोटा खात्याला नावे. हे न करता अखेरचा स्टॉक नुसता कमी दाखवला, तर ढोबळ नफा घसरलेला दिसतो आणि त्याचं कारण विवरणपत्रात कुठेच दिसत नाही.

आता जीएसटी, कारण हे आयकरापेक्षा आधी येतं. कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, नष्ट झालेल्या, खात्यातून काढून टाकलेल्या मालावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. घेतलेलं परत करावं लागतं, पूर असो की आग. ६,५०,००० च्या मालावर १८ टक्क्यांनी १,१७,००० होतात. जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात तक्ता ४(बी)(१) मध्ये टाका. ४(बी)(२) मध्ये टाकलं तर ते तात्पुरतं, पुढे परत घेण्याजोगं समजलं जातं. हा घोळ हमखास होतो. खरेदी बिलावर जो दर होता तोच धरा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटसारख्या मालाचे दर बदललेत. तुमचं जुनं सिमेंट २८ टक्क्यांचं आहे, त्यामुळे १,१७,००० हा आकडा बिलागणिक थोडा वर जाईल.

भिजलेला माल कमी भावात विकला तर तो नष्ट झाला असं होत नाही. रंगाचे डबे, मोटारी, भंगार जे विकाल त्यावर बिल करून कर लावा, त्या मालाचं क्रेडिट परत करावं लागत नाही. त्यामुळे विकण्याजोगा आणि फेकण्याजोगा अशा दोन याद्या करा, फोटोसकट. कट्टा फुटून दगड झालेलं सिमेंट फेकण्याच्या यादीत, पीव्हीसी पाइप धुऊन विकण्याच्या.

दुकानाची दुरुस्ती, वायरिंग, रंग, शटर हा चालू खर्च, पूर्ण वजा. रॅक, संगणक, काउंटर गेले असतील तर मात्र ते एकदम खर्ची टाकता येत नाहीत. घसाऱ्याच्या गटातच (सारख्या वस्तूंची एकत्र शिल्लक किंमत, जिच्यावर दरवर्षी घसारा मिळतो) राहतात आणि विमा आला तर तो गटाच्या शिल्लक किमतीतून वजा होतो.

तोटा पुढे न्यायचा तर आयटीआर-३ (पुस्तकांवरून नफा-तोटा दाखवायचं विवरणपत्र) भरा, आयटीआर-४ (४४एडी वाल्यांचं) नाही, आणि मूळ मुदतीच्या आत. एक दिवस उशीर झाला तरी धंद्याचा तोटा पुढे नेता येत नाही. वेळेत भरला तर आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो.

---

नफातोटा

पक्कीवही, तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर. पण सीनाकाठ यांनी आयटीआर-३ भरून तोटा दाखवावा असं मी म्हणणार नाही. आकडेमोड करून बघा.

२०२५-२६ साठी नव्या प्रणालीत निवासी व्यक्तीचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य. यांचं ४४एडी चं उत्पन्न ४८ लाखांवर ८ टक्क्यांनी ३,८४,०००. पुरानंतर विक्री घटल्याने त्याहूनही कमी. भाडं वर्षाला १,८०,०००, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की १,२६,०००. म्हशींचं दूध धरलं तरी १२ लाख कुठेच नाहीत. कर तसाही शून्य. मग साडेसहा लाखांचा तोटा दाखवून वाचवायचं काय?

उलट गमावण्यासारखं आहे. एकदा ४४एडी वापरून पुढच्या पाच वर्षांत बाहेर पडलात, तर त्यानंतरची पाच वर्षं त्यात परत येता येत नाही. त्या काळात ज्या वर्षी एकूण उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेवर गेलं, त्या वर्षी पुस्तकं आणि लेखापरीक्षण दोन्ही आलं. ४८ लाखांच्या दुकानाला दरवर्षी ऑडिटची फी. कर शून्य असताना हा खर्च कशासाठी?

४४एडी मध्ये राहिलात तर पुराचा तोटा वेगळा वजा होत नाही, तो ८ टक्क्यांतच आला असं कायदा धरतो. वजावट घेतली नाही म्हणून दुकानाचं सरकारी अनुदानही करमुक्तच राहतं. जीएसटीचं क्रेडिट मात्र परत करावंच लागेल, ४४एडी चा त्याच्याशी संबंध नाही.

तोटा दाखवणं कुणाला परवडतं? ज्यांचं उत्पन्न १२ लाखांच्या वर जातं, ज्यांची पुस्तकं आधीपासून आहेत, आणि भागीदारी फर्म, कारण फर्मला पहिल्या रुपयापासून ३० टक्के.

---

पक्कीवही

मान्य. १२ लाखांच्या आत असलेल्यांनी हाच हिशोब आधी करावा. मालाची आकडेमोड मात्र तरीही लागेल, विमा आणि जीएसटी दोन्हीला.

---

सर्वे_विमा

विम्याबद्दल दोन गोष्टी, कारण इथे पैसे जास्त बुडतात.

५ कोटींपर्यंतच्या दुकानांसाठी सध्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी असते, पूर त्यात धरलेला असतो. विमा रक्कम मालाच्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल तर कंपनी दुर्लक्ष करते. त्याहून कमी असेल तर प्रमाणात कापते. तुमचा माल ७.६ लाखांचा, विमा ५ लाखांचा, म्हणजे ३४ टक्के कमी. ६.५ लाखांच्या नुकसानावर ५ भागिले ७.६ या प्रमाणात सुमारे ४ लाख २७ हजार, त्यातून एक्सेस (दाव्यातला आपण सोसायचा ठरलेला भाग) आणि भंगाराची किंमत वजा. ‘विमा ५ लाखांचा, नुकसान त्याहून जास्त, मग ५ लाख मिळतील’ असं धरून बसू नका.

दुसरं, सर्वेअर मालाची किंमत जीएसटी सोडून धरतो, कारण तुम्ही क्रेडिट घेतलंय असं तो समजतो. क्रेडिट परत केलं असेल तर तो कर तुमचा खर्च आहे. ३बी ची प्रत आणि बिलवार यादी अंतिम मूल्यांकनापूर्वी द्या. डिस्चार्ज व्हाउचरवर (दावा मिटल्याच्या पावतीवर) ‘पूर्ण आणि अंतिम’ म्हणून सही झाली की मग हा मुद्दा काढणं अवघड.

ज्यांच्या घराचा विमा आहे त्यांच्यासाठी: ‘भारत गृह रक्षा’त घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण असतं. पुष्कळ लोक भिंतीचाच दावा करतात आणि फ्रिज-कपाटं सोडून देतात. घराच्या विम्याचे पैसे मूळ बांधकाम खर्चापेक्षा जास्त आले तरच कलम ४५(१ए) खाली भांडवली नफ्याचा प्रश्न येतो, आणि तो पैसे हातात आलेल्या वर्षात. १ एप्रिल २०२६ नंतर आले तर नव्या आयकर कायद्याप्रमाणे बघायचं. सामानाचे पैसे घरगुती वस्तूंचे, त्यावर काही नाही. दागिने घरगुती वस्तूंत धरत नाहीत.

कारचं: पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनासाठीचं जादा विमा संरक्षण) नसेल तर कंपनी ते नुकसान मालकाच्या हलगर्जीत टाकते. टो करूनच न्या.

---

सीनाकाठ

सगळ्यांचे आभार. मग मी ४४एडी मध्येच राहतो. दोन शंका. म्हशींचं काय? आणि शेजारी चुलत्यांचं बियाणं-खतांचं दुकान आहे, भागीदारी फर्म, उलाढाल दीड कोटीच्या आत, ४४एडी कधी घेतलेलं नाही, पुस्तकं नीट आहेत. त्यांचा ११ लाखांचा माल गेला. आणि शार्लटच्या भावाला इथल्या घराचं नुकसान तिकडे दाखवता येईल का? घर त्याच्याही नावावर आहे.

---

कॅरोलिना_मराठी

भावाला सांगा, नाही. अमेरिकेत २०१८ पासून घरगुती मालमत्तेच्या नुकसानाची वजावट फक्त केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीपुरती आहे. २०२६ पासून त्यात राज्यांनी जाहीर केलेल्या काही आपत्ती येतात. फॉर्म ४६८४ वर फेमाचा (तिकडच्या केंद्रीय आपत्ती संस्थेचा) आपत्ती क्रमांक लिहावा लागतो. सीनेच्या पुराला तो क्रमांक कुठून आणणार?

तिकडे जे आहे तेही वाटतं तेवढं उदार नाही. घराची मूळ किंमत आणि बाजारभावातली घट यातला लहान आकडा घ्यायचा. समजा घट ६०,००० डॉलर, विम्याचे ३५,००० आले, उरले २५,०००. त्यातून १०० डॉलर आणि उत्पन्नाचे १० टक्के वजा. उत्पन्न १,२०,००० असेल तर हाती १२,९००, तेही खर्चाची तपशीलवार यादी भरणाऱ्यांनाच. हेलेन वादळासारख्या, ४ जुलै २०२५ पर्यंत सुरू झालेल्या मोठ्या आपत्तींना खास सवलत मिळाली: १० टक्क्यांची कात्री नाही, फक्त ५०० डॉलर वजा, यादीची अट नाही. त्याच उदाहरणात २४,५००. विमा असून दावा केला नाही तर तेवढ्या भागाची वजावट मिळत नाही. प्रीमियम वाढेल म्हणून दावा टाळणारे इथेच अडकतात.

---

ताळेबंद

चुलत्यांच्या फर्मला तोटा नक्की दाखवू द्या. ११ लाखांवर ३० टक्के म्हणजे कर आणि सेस मिळून ३.४३ लाखांचा फरक, नफा असेल त्या वर्षांत. पण तीन गोष्टी सांगा त्यांना.

कलम १०(१०बीसी) फक्त व्यक्ती आणि वारसासाठी आहे. फर्मच्या खात्यात आलेलं अनुदान करमुक्त नाही, तोट्यातून वजा करूनच दाखवायचं.

पुरानंतर वाटण्या होतात, एखादा भागीदार बाहेर पडतो. असं झालं तर त्याच्या वाट्याचा तोटा फर्मला पुढे नेता येत नाही. त्यामुळे तोटा नफ्यात जिरेपर्यंत भागीदारीपत्राला हात लावू नये हे बरं.

रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या वर असतील तर १ कोटीवर ऑडिट लागतं. खतांच्या दुकानात रोख जास्तच असते, तेव्हा तेही तपासा. ऑडिट असेल तर अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत. विम्याचं ३१ मार्चला नक्की ठरलं नसेल आणि पूर्ण तोटा धरला, तर पुढे येणारी रक्कम कलम ४१(१) खाली, किंवा नव्या कायद्यातल्या त्याच तरतुदीखाली, त्या वर्षाचं उत्पन्न होते. चालतं, फक्त तेव्हा विसरू नका.

म्हशी: दुधाचा धंदा शेती उत्पन्नात मोडत नाही. धंद्यात वापरलेलं जनावर मेलं तर कलम ३६(१)(vi) खाली खरेदी किंमत वजा जाता कातडं-कलेवराचं जे आलं तो फरक वजा होतो. खरेदी पावती मात्र हवी. घरच्याच म्हशीची पारडी वाढवलेली असेल तर खरेदी किंमतच नाही, वजावटही नाही. तुम्ही दुधाचा धंदाही ४४एडी मध्येच दाखवत असाल तर ही वजावट नाही आणि म्हशींचे सरकारी पैसे पूर्ण करमुक्त. दर जनावरामागे ३७,५०० आले असतील तर दोन्हींचे ७५,००० एक्झेम्प्ट तक्त्यात घाला.